सर्व्हर दर ३० सेकंदाला ओरडायलाय, तोंड बांधायच्या आधी हे बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाबी कळंल. साखर कारखान्याच्या ऑफिसात एक जुना सोलारिस १० चा (सोलारिस म्हणजे युनिक्सचाच एक प्रकार) सर्व्हर आहे, जुन्या हिशेबाचा, अकाउंटवाले सोडून कोणी त्याच्याकडं बघत नाही. त्याला दोन लॅन कार्ड, एक ऑफिसच्या लॅनमधी १९२.१६८.१०.५ आणि दुसरं बॅकअपच्या डब्याकडं १०.१०.१०.५. मागच्या आठवड्यात रात्री लाइट गेली, यूपीएसनं अर्ध्या तासात मान टाकली, सर्व्हर बंद पडून परत चालू झाला, आणि तेव्हापासून फायरवॉलच्या लॉगमधी दर ३० सेकंदाला ह्याच सर्व्हरकडून यूडीपी पोर्ट ५२० ची नोंद पडायली. वर वजनकाट्यावरच्या पीसीला युनिट दोनचा सर्व्हर सापडंना, काट्याकडचा जुना राउटर रिस्टार्ट केला की थोडा टाइम चालतं अन् परत जातं, बाहेर ट्रॅक्टरची रांग आणि ड्रायव्हर लोकं शिव्या द्यायलेत. आणि तुम्ही विचारताय की स्विचवर पोर्ट ५२० ब्लॉक करून टाकू का.

नका करू. म्हणजे आजची रात्र काढायची असंल तर करा, मी नाही म्हणत नाही, गाळप चालू असताना काटा बंद ठेवून चालत नाही हे मलाबी माहीत आहे. पण ब्लॉक केल्यावर झालं म्हणून झोपू नका. त्या पॅकेटला गप्प केलं तरी सर्व्हर स्वतःला राउटर समजून बसलेलाच राहणार, आणि तुम्ही पाठवलेल्या आउटपुटवरून मला तिथं एक नाही, तीन गोष्टी बिघडलेल्या दिसायल्यात.

आधी हे ओरडणं म्हणजे काय ते. पोर्ट ५२० म्हणजे रिप, राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल. लै जुनी गोष्ट आहे, १९८३ च्या बीएसडी युनिक्समधी राउटेड नावाचा डिमन (मागं गुपचूप चालणारा प्रोग्राम) आला आणि तिथून हे सगळीकडं पसरलं, स्टँडर्ड म्हणून कागदावर यायला १९८८ उजाडलं. काम एकदम साधं, मला कोणकोणती नेटवर्क माहीत आहेत आणि ती किती उड्यांवर आहेत हे दर ३० सेकंदाला शेजारपाजारच्यांना ओरडून सांगायचं. १५ उड्यांपर्यंत चालतं, १६ म्हणजे तिथं पोचता येत नाही. पहिल्या व्हर्जनमधी ना पासवर्ड ना सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), जो ओरडंल त्याच्यावर ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवायचा. गावात दवंडी द्यायचे ना तसं, दवंडीवाल्याला कोणी विचारत नाही की बाबा तुला कोणी पाठवलं. सोलारिसमधी ह्याच राउटेडचं नाव इन डॉट राउटेड.

दर ३० सेकंदाला म्हणजे दिवसाला साधारण २,८८० पॅकेट. ट्रॅफिक म्हणून हे काहीच नाही, चोवीस बाइटचं पॅकेट आहे. लॉग भरतो म्हणून तुम्ही वैतागलात, पण लॉग भरायला नसता तर तुम्हाला हे कधी कळलंच नसतं, त्यामुळं त्या फायरवॉलचे आभार माना.

आता ते पॅकेट उघडून बघा. (मी फोनवरून टाइप करायलोय, सगळ्या कमांड बोलतो तशा मराठीत लिहितोय, तुम्ही टाकताना नेहमीसारख्या इंग्रजीत टाका.) सर्व्हरवर रूट म्हणजे ॲडमिन होऊन स्नूप (पॅकेट बघायची कमांड) चालवा, डॅश डी देऊन इंटरफेस बीजीई झिरो, म्हणजे ऑफिसकडचं कार्ड, आणि फिल्टर फक्त पोर्ट ५२०. एका मिनिटात दोन ओळी दिसतील, तुमच्या १९२.१६८.१०.५ कडून १९२.१६८.१०.२५५ कडं, रिप आर आणि पुढं एक डेस्टिनेशन. आर म्हणजे रिस्पॉन्स, म्हणजे हा विचारत नाही, सांगायलाय. हा फरक बघणं लै महत्त्वाचं आहे. डिमन नुसता ऐकायच्या मोडमधी असला तरी चालू होताना एकदा 'कोणी आहे का' म्हणून विचारतो, ते साहजिक आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण दर ३० सेकंदाला आर यायला लागला म्हणजे साहेब दुकान उघडून बसलेत.

मंग तीच कमांड छोटा व्ही लावून चालवा म्हणजे आतलं दिसतं, आणि एक्स लावला तर बाइटसुद्धा दिसतात. पहिला बाइट ०२ म्हणजे रिस्पॉन्स, दुसरा ०१ म्हणजे व्हर्जन एक, मग दोन शून्य. हे झाले चार. पुढचे वीस बाइट म्हणजे एक रूट, एक रस्ता. त्यात तुम्हाला ०ए ०० ०० ०० असं दिसंल आणि सगळ्यात शेवटी ०१. सोळाच्या गणतीत ०ए म्हणजे दहा. म्हणजे हा बाबा ओरडायलाय की १०.०.०.० माझ्याकडं, एका उडीवर. १०.१०.१० नाही बरं का, अख्खं दहा! मास्क पाठवायला जागाच नाही व्हर्जन एकमधी, त्यामुळं ऐकणारा समजतो जुन्या हिशेबानं, क्लास ए, दहानं सुरू होणारा जगातला प्रत्येक पत्ता ह्या सर्व्हरच्या मागं आहे.

आणि तुमच्या युनिट दोनचा सर्व्हर कुठं आहे? १०.२०.१ मधी, फायरवॉलवरून व्हीपीएननं पलीकडं. कळलं का आता काट्याचं काय झालं ते.

काट्याकडच्या त्या जुन्या राउटरमधी कोणीतरी कधीतरी रिप चालू ठेवलेलं आहे, असल्या राउटरच्या पानावर एक कोपऱ्यात ऑप्शन असतो, ऐकायचं, सांगायचं का दोन्ही, आणि बसवणारा माणूस घाईत दोन्ही करून जातो. आतापर्यंत लॅनवर रिप बोलणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून चाललं. त्या राउटरकडं एक डिफॉल्ट रूट आहे फायरवॉलकडं, युनिट दोनला जाणारं सगळं त्याच्यावरून जायचं. आता त्याला दहाचा रूट ऐकू आला. राउटर कायम जास्त नेमका पत्ता निवडतो, डिफॉल्ट म्हणजे 'बाकी सगळीकडं', त्याच्यापेक्षा 'दहा' हा नेमका. एसटी स्टँडवर तुम्ही औशाला जायला उभे आहात, एक गाडी बिनपाटीची आणि एकीवर औसा लिहिलंय, तुम्ही पाटीवालीतच बसणार. आता पाटी औशाची लावून गाडी डेपोत जाऊन उभी राहिली तर प्रवाशाची काय चूक.

राउटर रिस्टार्ट केल्यावर थोडा टाइम का चालतं, तर त्याचं टेबल कोरं होतं. मग तोबी चालू होताना विचारतो, नाहीतर पुढच्या ३० सेकंदात दवंडी ऐकतोच, आणि गाडी परत डेपोत. आणि ऑफिसातल्या विंडोज पीसींना काहीच त्रास नाही कामून, तर विंडोज आपण होऊन रिप ऐकत नाही, त्याच्यासाठी वेगळा घटक टाकावा लागतो. म्हणून तुम्हाला आठ दिवस वाटत राहिलं की काट्याची केबल खराब आहे. केबल बदलली ना तुम्ही? बदललीच असंल. मी असतो तर मीबी आधी तीच बदलली असती.

बरं, आता मूळ प्रश्न. तीन वर्षं गुपचूप चालणारं मशीन लाइट गेल्यावरच का ओरडायला लागलं?

तुम्ही राउटॲडमचं (राउटिंग-फॉरवर्डिंगची सेटिंग बघायची अन् बदलायची कमांड) आउटपुट पाठवलं ते बरं केलं. त्यात आयपीव्ही४ राउटिंगसमोर लिहिलंय 'डिफॉल्ट', कंसात 'एनेबल्ड'. आणि आयपीव्ही४ फॉरवर्डिंगसमोर सरळ 'एनेबल्ड', तिथं डिफॉल्ट हा शब्द नाही. ह्या दोन ओळींत सगळी गोष्ट आहे.

राउटिंग डिफॉल्ट म्हणजे कोणी हात लावलेला नाही, मशीन बूट होताना स्वतः ठरवतं. कसं ठरवतं, तर इटीसीमधी (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) डिफॉल्टराउटर नावाची फाइल आहे का आणि तिच्यात गेटवेचा पत्ता आहे का बघतं. असला तर ठीक, रस्ता माहीत आहे, डिमनची गरज नाही. नसला तर म्हणतं मला तर बाहेरचा रस्ताच कोणी सांगितला नाही, मंग मीच शोधतो, आणि राउटेड चालू करतं. तुमच्या मशीनवर ती फाइल नाही, तुम्हीच पाठवलेल्या लिस्टमधी नाही. पण नेटस्टॅट आरएनमधी, म्हणजे रस्त्यांच्या यादीत, डिफॉल्ट रूट तर दिसतोय, १९२.१६८.१०.१, बरोबर. तो आला कुठून? मला जवळजवळ खात्री आहे, आरसी३ च्या, म्हणजे बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टच्या, फोल्डरमधी जुन्या व्हेंडरची एखादी स्क्रिप्ट असंल, तिच्यात 'रूट ॲड डिफॉल्ट' अशी एक ओळ. ती ओळ चालते बूटच्या शेवटी. तोवर मशीननं आपला निर्णय घेतलेला असतो, डिमन उठलेला असतो. म्हणून वरवर बघणाऱ्याला डिफॉल्ट रूट जागेवर दिसतो आणि कोणाला शंका येत नाही.

पण नुसता डिमन उठला तर तो ऐकत बसला असता, ओरडला नसता. सोलारिस १० मधला राउटेड ओरडतो कधी, तर दोन किंवा जास्त लॅन कार्ड असले आणि फॉरवर्डिंग चालू असलं तर. दोन पाय आणि एका पायावरचं दुसऱ्या पायावर द्यायची परवानगी, म्हणजे राउटरच की. आणि फॉरवर्डिंग सोलारिस १० मधी मुळात बंद असतं. तुमच्याकडं ते कोणीतरी मुद्दाम चालू केलंय, आणि ते केल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. बहुतेक बॅकअपच्या डब्याला अपडेटसाठी नाहीतर टाइमसाठी नेट पाहिजे होतं, त्या माणसानं राउटॲडम डॅश ई देऊन फॉरवर्डिंग चालू केलं आणि वाट बघितली. चाललं नाही. कारण डॅश ई नुसतं लिहून ठेवतं, चालू मशीनवर लागू करायला डॅश यू द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या बूटला लागू होतं. त्याला वाटलं हे काही जमंना, सोडून गेला. लिहिलेलं तसंच राहिलं, तीन वर्षं, आणि परवा लाइट गेली तेव्हा ते जागं झालं.

तिसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. आयएफकॉन्फिगच्या (लॅन कार्डाची सेटिंग दाखवणारी कमांड) आउटपुटमधी बीजीई वनच्या, म्हणजे बॅकअपकडच्या कार्डाच्या, ओळीत नेटमास्क बघा, एफएफ आणि पुढं सहा शून्य. बीजीई झिरोला सहा एफ आणि दोन शून्य आहे, ते बरोबर. सोलारिस मास्क सोळाच्या गणतीत दाखवतो म्हणून पटकन डोळ्यात भरत नाही. एफएफ आणि सहा शून्य म्हणजे २५५.०.०.०. म्हणजे सर्व्हर खरंच समजतोय की दहाचं अख्खं नेटवर्क त्याच्या बॅकअपच्या केबलला लागलेलं आहे. काट्याकडून युनिट दोनसाठी आलेलं पॅकेट तो फायरवॉलकडं परत देतच नाही, बॅकअपच्या केबलवर '१०.२०.१ वाला कोण आहे' म्हणून विचारत बसतो, तिकडं एकटा डबा आहे, कोण उत्तर देणार. हा मास्क बरोबर असता तर पॅकेट वळसा घालून का होईना फायरवॉलकडं गेलं असतं, काटा थोडा हळू चालला असता आणि तुम्हाला कदाचित वर्षभर कळलं नसतं. हेबी तसंच झालंय, कोणीतरी हातानं बरोबर मास्क टाकला होता, पण इटीसीच्या नेटमास्क फाइलीत ओळ लिहिली नाही, बूट झाल्यावर सोलारिसनं पत्ता बघितला, दहानं सुरू होतो म्हणजे क्लास ए, लाव २५५.०.०.०.

तीन माणसांनी तीन वेळेला चालू मशीनवर हातानं केलेली कामं आहेत ही. आम्ही सगळ्यांनी केलेली आहेत, मी काही साळसूद नाही.

दुरुस्ती. क्रम मी सांगतो तोच ठेवा.

पहिलं म्हणजे सर्व्हरच्या समोर जाऊन बसा. रिमोटवरून करू नका. मी एकदा लातूरला घरी बसून नांदेडकडच्या एका ऑफिसचं मशीन असंच दुरुस्त करायला गेलो होतो, राउटेड बंद केला आणि त्याच्याबरोबर माझा सेशनबी गेला, कारण त्या मशीनला बाहेरचा रस्ता त्या डिमननंच शिकवलेला होता, फाइलीत काहीच नव्हतं. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, तिथला वॉचमन फोनवर म्हणतो, सर तुम्ही सांगा मी बटन दाबतो. आता त्याला युनिक्सच्या प्रॉम्प्टवर काय सांगणार, दाबायला लावलं असतं तर अजून एक घोळ. पहाटेची गाडी पकडून गेलो, काम दोन मिनिटाचं होतं, एका फाइलीत एक पत्ता. तेव्हापासून बंद करायच्या आधी मी डिफॉल्टराउटर फाइल उघडून डोळ्यानं बघतो, कितीबी खात्री असू दे.

तर बसलात समोर. आधी आत्ता जे आहे ते आयएफकॉन्फिग डॅश ए, नेटस्टॅट आरएन, राउटॲडम, तिन्हीचं आउटपुट एका फाइलीत टाकून ठेवा. मंग इटीसीच्या नेटमास्क फाइलीत ओळ टाका, १०.१०.१०.० आणि पुढं २५५.२५५.२५५.०. चालू कार्डाला ती लागू करायला आयएफकॉन्फिग बीजीई वन नेटमास्क प्लस ब्रॉडकास्ट प्लस, इथं प्लस म्हणजे अधिकचं चिन्हच टाकायचं, त्याचा अर्थ फाइलीतून वाचून घे. परत बघा, सहा एफ आणि दोन शून्य दिसले पाहिजेत.

दुसरं, इटीसीमधी डिफॉल्टराउटर फाइल बनवा, आत फक्त १९२.१६८.१०.१. बाकी काही नाही, स्पेसबिस नको. आणि ती आरसी३ मधली स्क्रिप्ट शोधून तिच्यातली रूट ॲडची ओळ काढा, नाहीतर उद्या फायरवॉलचा पत्ता बदलला की दोन जागी दोन पत्ते आणि परत मारामारी. अख्खी स्क्रिप्ट उडवू नका, त्यात अकाउंटचं काही चालू होत असंल.

तिसरं, फॉरवर्डिंगचं. इथं मात्र आधी विचारा, बॅकअपच्या डब्याला खरंच ह्या सर्व्हरवरून बाहेर जायची गरज आहे का. तीन वर्षं फॉरवर्डिंग चालू नव्हतं आणि बॅकअप होत होता, म्हणजे नसणारच. मंग राउटॲडम डॅश डी आयपीव्ही४ राउटिंग, राउटॲडम डॅश डी आयपीव्ही४ फॉरवर्डिंग, आणि शेवटी राउटॲडम डॅश यू. इथं एक बारीक गोम आहे. डॅश यू हा ज्या सेटिंगसमोर 'डिफॉल्ट' लिहिलंय त्याला हातच लावत नाही. म्हणून बरेच जण फॉरवर्डिंग बंद करून डॅश यू देतात आणि राउटेड तसाच चालू राहिला म्हणून डोकं धरतात. राउटिंगला स्वतंत्रपणे डॅश डी दिला पाहिजे म्हणजे 'डिफॉल्ट' जाऊन 'डिसेबल्ड' येतं, मंगच ते लागू होतं.

किल मारून बघितला होता म्हणालात आणि तो परत आला. येणारच, सोलारिस १० च्या नंतरच्या अपडेटमधी हे डिमन एसएमएफच्या (सर्व्हिसवर लक्ष ठेवणारी सोलारिसची यंत्रणा) ताब्यात आहेत, एक मेला की ते दुसरा उठवतं, तुम्ही मारत बसा ते उठवत बसतंय. एसव्हीसीएसची लिस्ट काढून राउट शब्द शोधा, ऑनलाइन दिसत असंल तर राउटॲडमनं बंद केल्यावर डिसेबल्ड झालेलं दिसलं पाहिजे.

झालं की पीग्रेपनं बघा इन डॉट राउटेड आहे का, स्नूप लावून दोन मिनिटं थांबा, एकबी ओळ नाही आली पाहिजे. आणि काट्यावर फोन करून लगेच 'चालू झालं का' विचारू नका. डिमन नीट बंद न होता मेला असंल तर काट्याच्या राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं की तो रूट गेला, तो १८० सेकंद वाट बघतो, मंग विसरतो. तीन मिनिटं. चहा मागवा. धीर धरवत नसंल तर राउटर रिस्टार्ट करा, तेवढी एक वेळ ते चालंल.

आणि त्या राउटरचं रिप बंद करा! हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं नाही, पण विसरायला होतं. ओरडणारा गेला तरी ऐकणारा तिथंच आहे, आणि उद्या कोणी दुसरा दोन कार्डवाला डबा आणून लावला की परत रांग. एवढ्याशा नेटवर्कला, जिथं रस्ता एकच फायरवॉलकडं जातो, तिथं रिपची काहीच गरज नाही. माझं मत विचाराल तर कारखाना, पतसंस्था, कॉलेज असल्या ठिकाणी हातानं लिहिलेले स्टॅटिक रूटच बरे, कागदावर चार ओळी मावतात.

समजा बॅकअपच्या डब्याला खरंच बाहेर जायचं आहे असं निघालं, तर फॉरवर्डिंग राहू द्या आणि फक्त राउटिंग बंद करा. ही दोन वेगळी कामं आहेत, एक पॅकेट पुढं द्यायचं आणि एक रस्ते ओरडून सांगायचं, लोकं नेहमी एकच समजतात. फक्त एवढं बघा की परतीचा रस्ता फायरवॉलला माहीत पाहिजे, तिथं १०.१०.१० साठी एक स्टॅटिक रूट ह्या सर्व्हरकडं. आणि काही कारणानं डिमन ठेवायचाच असला तर इटीसीमधी गेटवेज नावाची फाइल करून त्यात इंटरफेसचं नाव आणि नो रिप असं लिहिता येतं, मग त्या कार्डावर तो रिप बोलत नाही. पण हे तुमच्यासाठी नाही.

सोलारिस ८ किंवा ९ असलेले कोणी वाचत असतील तर तिथं राउटॲडम नाही. तिथं दोन कार्ड दिसले आणि डिफॉल्टराउटर फाइल नसली की बूट स्क्रिप्ट स्वतःच फॉरवर्डिंग चालू करून राउटेडला बोलायला लावते. अडवायचं असलं तर इटीसीमधी नॉटराउटर नावाची रिकामी फाइल बनवायची, आत काही लिहायचं नाही, नुसती असली तरी पुरे. मला ही पद्धत मनापासून आवडायची.

लिनक्सवर हे आपोआप होत नाही, तिथं कोणीतरी एफआरआर नाहीतर क्वागा (राउटिंगची सॉफ्टवेअर) टाकून रिपडी चालू केलेलं असतं. एसएस कमांडनं ५२० वर कोण बसलंय ते प्रोसेसच्या नावासकट दिसतं, आणि गप्प करायचं असलं तर त्या इंटरफेसला पॅसिव्ह करायचं. एवढंच.

विंडोजचा किस्सा वेगळा. तिथं अडचण रिपची नाही, पण तसलीच दवंडी आयपीव्ही६ मधून होती. एका कॉलेजच्या लॅबमधी आम्ही दोन दिवस घातले होते, अर्ध्या पीसींना काही साइट उघडायला मिनिट लागायचा, अर्ध्यांना नाही. शेवटी एका पीसीवर बघितलं तर २००२ नं सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता, आमच्याकडं तर आयपीव्ही६ कोणी दिलेलंच नव्हतं. शोधत गेलो तर एका पोराचा विंडोज ७ चा लॅपटॉप, त्यानं डोंगलचं नेट मित्राला द्यायला इंटरनेट शेअरिंग चालू केलेलं, आणि तो लॅपटॉप सगळ्या लॅबला सांगत होता की आयपीव्ही६ चा राउटर मीच. पोराला पत्ताच नाही. असल्या मशीनला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता आलेला असतो, ती खूण लक्षात ठेवा. पकडायचं असलं तर आयसीएमपीव्ही६ चा प्रकार १३४, म्हणजे राउटरची घोषणा, बघायचा, आणि बरा मॅनेज्ड स्विच असला तर त्यात आरए गार्ड असतं, राउटरचा पोर्ट सोडून बाकीच्या पोर्टवरून आलेली असली घोषणा स्विचच टाकून देतो. तिथं मात्र स्विचवर ब्लॉक करणं हेच बरोबर, कारण पोरं दर वर्षी नवीन येतात.

तुमच्याकडं परत येतो. हे सगळं झाल्यावर एक काम राहतं जे कोणाला करावं वाटत नाही, सर्व्हर मुद्दाम एकदा रिबूट करायचा. अकाउंटवाले संध्याकाळी घरी गेले की करा, काट्याला ह्या सर्व्हरचं काही काम नाही त्यामुळं गाळपाला धक्का नाही. रिबूटच्या आधी अकाउंटचा डेटाबेस कसा बंद-चालू होतो ते मात्र त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि बॅकअप झालेला आहे का बघा, जुनी डिस्क आहे, एकदा थांबली की कधी कधी परत फिरत नाही. वर आल्यावर तीनच गोष्टी बघायच्या, बीजीई वनचा मास्क, डिफॉल्ट रूट, आणि स्नूपमधी शांतता. डिफॉल्ट रूट नाही दिसला तर डिफॉल्टराउटर फाइलीतला पत्ता परत वाचा, दहाच्या जागी शंभर टाइप झालेलं मी बघितलेलं आहे.

आणि त्या यूपीएसच्या बॅटऱ्या किती वर्षाच्या आहेत ते बघून कळवा, अर्ध्या तासात बसला म्हणजे त्याचंबी काहीतरी बघावं लागंल. राउटॲडमचं नवीन आउटपुट आणि काट्याच्या राउटरच्या रूट टेबलचा फोटो टाका, दहाची ओळ गेली का एवढंच बघायचंय मला.